विजेचं संगीत ऐकवणाऱ्या ख्रिस्टिना कुबिश

काल टेलिफोन पिकअप कॉइल छोट्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडून वायफाय राउटरजवळ धरली. टरटर ठेका सुरू! अंगावर काटा आला.

हे वेड मला लावलं ख्रिस्टिना कुबिश यांनी. जन्म १९४८, ब्रेमेन, जर्मनी. आधी बासरी, मग संगीतरचना, पुढे मिलानमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण.

त्यांचे ‘इलेक्ट्रिकल वॉक्स’ ऐकाच. श्रोत्याला खास हेडफोन आणि शहराचा नकाशा मिळतो. हेडफोनमधल्या तारेच्या वेटोळ्यांत भोवतालचं बदलतं चुंबकीय क्षेत्र सूक्ष्म प्रवाह निर्माण करतं. तोच वाढून कानावर येतो. एटीएम गुणगुणतं, ट्राम घुमते. दुकानाच्या दारातली चोरी पकडणारी गेटं तर चक्क ताल धरतात!

श्रोता वळेल तशी रचना बदलते. मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

कॉइल कशी जोडायची, खुशाल विचारा.