विश्लेषण : थरावरून पडलेल्या गोविंदाला ‘आता बस’ कोण म्हणणार?

वरळीच्या बीडीडी चाळींजवळच्या जांबोरी मैदानात दहीहंडीला थर लागतात. थर कोसळला की डोक्याला मार लागलेला गोविंदा उठतो, पाणी पितो आणि पुन्हा थरात उभा राहतो. खरा धोका इथेच आहे.

मेंदूला हादरा म्हणजे काय?
सीटी स्कॅन नॉर्मल येऊ शकतो, शुद्ध हरपेलच असेही नाही. तरी डोके दुखते, गरगरते, आठवत नाही. हेल्मेट कवटी वाचवते, हादरा पूर्ण थांबवत नाही. तो बरा होण्याआधी पुन्हा मार लागल्यास जिवावर बेतू शकते.

नियम काय सांगतात?
१४ वर्षांखालील मुले थरात नसतील, अशी हमी राज्य सरकारने २०१७ मध्ये उच्च न्यायालयात दिली. २०२२ मध्ये मृत गोविंदाच्या वारसांना १० लाखांची मदत जाहीर झाली. क्रिकेटमध्ये मात्र २०१९ पासून असा हादरा बसलेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू घेता येतो. पथकांनाही हाच धडा घेता येईल.

काय करावे?
त्या दिवशी पुन्हा थर नाही. पुढचे २४ तास घरच्यांनी लक्ष ठेवावे. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, झटके, बरळणे किंवा न उतरणारी गुंगी दिसल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.