तापत्या उन्हांत पिकाचें पान

हिंगोलीचें नांव घेतलें कीं शहरांतील बहुतेकांना औंढ्या नागनाथाचें देऊळ, नरसीचे संत नामदेव आणि अलीकडे वसमतची हळद एवढें आठवतें. परभणीपासून १ मे १९९९ रोजीं वेगळा झालेला हा जिल्हा मराठवाड्याच्या उत्तर भागांत, विदर्भाच्या शिवेला लागून आहे. शहरांतल्या कुटुंबाचा त्याच्याशीं आणखीही एक संबंध आहे. तो सहसा ध्यानांत येत नाहीं. स्वयंपाकघरांतील सोयाबीनचें तेल, तुरीची डाळ, हरभऱ्याचें पीठ हें सारें ज्या पानांनीं तयार केलें, तीं अशाच काळ्या जमिनींत, बहुतांशीं पावसाच्या भरंवशावर वाढतात. त्या पानांनीं वाढत्या उन्हांत किती काळ काम करावें, हा प्रश्न आतां एकट्या वनस्पतिशास्त्रज्ञांचा राहिलेला नाहीं.

हिरवें पान सूर्यप्रकाशाच्या बळावर हवेंतील कर्बवायु, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आणि मुळांनीं ओढलेलें पाणी यांपासून साखर बनवितें, हें शाळेंतील मुलासही ठाऊक असतें. या क्रियेला प्रकाशसंश्लेषण म्हणतात. शाळेंत सहसा जें सांगितलें जात नाहीं तें असें कीं, कर्बवायु पकडण्याचें काम रुबिस्को नांवाचें एक विकर करतें. विकर म्हणजे स्वतः खर्ची न पडतां रासायनिक क्रिया घडवून आणणारें प्रथिन. पृथ्वीवरील सर्वांत विपुल प्रथिनांत रुबिस्कोची गणना होते. पण हा कारागीर फारसा निष्णात मात्र नाहीं. त्याचा हात मंद आहे, आणि मधून मधून तो कर्बवायूच्या ऐवजीं प्राणवायूच उचलतो. सौम्य हवेंतही सुमारें दर चार खेपांत एक खेप अशी चुकते. चुकून तयार झालेला पदार्थ पानाच्या उपयोगाचा नसतो. तो पुन्हा मार्गीं लावण्यांत साठविलेली शक्ति खर्च होते आणि मुश्किलीनें पकडलेल्या कर्बाचा कांहीं भाग हवेंत निसटतो. या व्यवहाराला प्रकाशश्वसन म्हणतात. अमेरिकेंतील सोयाबीनचें उत्पन्न त्यापायीं शेंकडा ३६ आणि गव्हाचें शेंकडा २० इतकें घटतें, असा अंदाज तेथील शास्त्रज्ञांनीं २०१६ सालीं मांडला.

उष्णता वाढली कीं या चुका वाढतात, आणि त्याला दोन कारणें आहेत. पानांतील पाणी तापलें म्हणजे त्यांत विरघळलेले दोन्ही वायु कमी होतात, पण कर्बवायु प्राणवायूपेक्षां अधिक झपाट्यानें कमी होतो. शिवाय तापलेल्या रुबिस्कोला दोहोंतील भेदही कमी कळतो. परंतु खरी अडचण याहूनही एका लहानशा जागीं आहे. रुबिस्कोच्या कामाच्या खोबणींत साखरेच्या जातीचे कांहीं रेणू वरचेवर अडकून बसतात. ते काढून टाकण्याकरितां ॲक्टिव्हेज नांवाचें दुसरें एक प्रथिन पानांत सतत राबत असतें. त्याचा शोध १९८५ च्या सुमारास अमेरिकेंतील इलिनॉय येथें लागला. जातें कितीही चांगलें असलें तरी त्याला वेळेवर टाकी लावणारा न मिळाल्यास पीठ भरड निघतें, तसाच हा प्रकार. आणि हा मदतनीस उन्हाला फार नाजूक आहे. रुबिस्को स्वतः बरीच उष्णता सोसतें. ॲक्टिव्हेज त्याच्या कितीतरी आधीं ढिलें पडतें. गहूं व कापूस यांच्या पानांवरील १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं, उष्णतेनें पानाचें काम जसजसें मंदावलें, तसतसें रुबिस्कोचें जागेपणही कमी होत गेलें.

हिंगोलीच्या शेतांत हें कसें घडतें तें पाहण्यासारखें आहे. जून-जुलैंत पेरलेलें सोयाबीन ऑगस्टमध्यें फुलावर व शेंगांवर येतें, आणि नेमका याच सुमारास पाऊस कधीं पंधरा-वीस दिवस दडी मारतो. हवेचें तापमान तेव्हां मे महिन्याइतकें नसतें. म्हणून परक्या माणसाला त्यांत भिण्यासारखें कांहीं वाटत नाहीं. पण जमिनींतील ओल तुटली कीं पान आपलीं रंध्रें मिटून घेतें. रंध्रें मिटलीं म्हणजे बाष्प बाहेर पडणें थांबलें, आणि पान भोवतालच्या हवेहून अधिक तापूं लागलें. त्याच मिटलेल्या दारांतून कर्बवायूही आंत येईनासा होतो. ऊन लख्ख पडलेलें, पान हिरवें, आणि तरी आंतला कारखाना बंद पडल्यासारखा. दुपारीं सोयाबीनचीं पानें उलटून त्यांची फिकी बाजू वर आलेली शेतकऱ्याला दिसते, ती याच वेळीं. बियाणें, खत आणि फवारणी यांवरील खर्च तोंवर होऊन गेलेला असतो. राहिलेला असतो तो केवळ दाणा भरण्याचा पंधरवडा.

रब्बींत हें संकट दुसऱ्या टोकानें येतें. इसापूर व सिद्धेश्वर धरणांच्या कालव्यांखालील गव्हाला पाणी मिळतें, पण थंडी विकत मिळत नाहीं. फेब्रुवारींतच ऊन चढलें कीं दाणा पोसण्याआधीं पीक पिवळें पडतें. देशांतील मार्च महिन्याचें सरासरी कमाल तापमान २०२२ सालीं १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वांत अधिक होतें. उत्तरेंतील गहूं त्या वर्षीं हलका भरला, आणि १३ मे रोजीं सरकारला गव्हाची निर्यात थांबवावी लागली.

अशा उन्हांत न डगमगणारें पीक याच मातीचें जुनें रहिवासी आहे. तें म्हणजे ज्वारी. ज्वारीच्या पानांत कामाची विभागणी केलेली असते. बाहेरच्या पेशींत एक निराळेंच विकर कर्बवायु पकडतें. प्राणवायूशीं त्याची गल्लत मुळींच होत नाहीं. पकडलेला कर्ब चार कर्बाणूंच्या आम्लाच्या रूपानें शिरांभोवतीं कड्यासारख्या रचलेल्या आंतल्या पेशींत नेला जातो आणि तेथें रुबिस्कोच्या हवालीं केला जातो. त्या कोंदट खोलींत कर्बवायूची इतकी दाटी असते कीं रुबिस्कोला चूक करण्यास वावच उरत नाहीं. ऊंस, मका आणि बाजरी यांचीही रीत हीच. हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनीं १९६६ सालीं ऑस्ट्रेलियांत उंसाच्या पानांवरून ती उकलून दाखविली. या रीतीला थोडी जादा शक्ति लागते. म्हणून थंड मुलखांत तिचा फारसा लाभ नाहीं. परंतु तीस-पस्तीस अंशांच्या उन्हांत सोयाबीन किंवा गहूं धापा टाकूं लागतो, तेव्हां ज्वारीचें पान ऐन भरांत असतें. रंध्रें अर्धवट मिटूनही तिचें काम चालतें. त्यामुळें पाणीही कमी लागतें. भाकरीला कोरडवाहू मुलखाचें अन्न म्हणतात, त्यामागें हें एवढें रसायन आहे.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मात्र मराठवाड्याच्या खरिपांतून ज्वारी मागें हटली आणि तिच्या जागीं सोयाबीन आलें. याबद्दल शेतकऱ्याला दोष देणें शहरांत बसून सोपें आहे. साडेतीन महिन्यांत हातीं येणारें, बाजारांत तेलासाठीं व पेंडीसाठीं हमखास खपणारें, पांखरांपासून राखावें न लागणारें पीक कोण नाकारील? खरिपाच्या ज्वारीचें कणीस पावसांत सांपडलें कीं दाणा बुरशीनें काळा पडतो आणि भाव कोसळतो, हेंही खरें आहे. परंतु या अदलाबदलींत उन्हाला तोंड देणारें पान गेलें आणि उन्हानें शिणणारें पान आलें, ही गोष्ट कोणी हिशेबांत धरली नाहीं.

कर्बवायु वाढतो आहे, मग पिकांना त्यांतून आयतें अन्नच मिळणार, असें कांहीं विद्वान म्हणत असतात. तें अगदींच खोटें नाहीं. हवेंत त्याचें प्रमाण यंत्रयुगापूर्वीं दहा लाख भागांत सुमारें २८० भाग होतें, तें आतां ४२० च्या पलीकडे गेलें आहे, आणि थंडशा हवेंत सोयाबीनला त्याचा लाभ होतो. पण इलिनॉयच्या उघड्या शेतांत जेव्हां वायूबरोबर पिकाची उष्णताही वाढवून पाहिली, तेव्हां वाढीव कर्बवायूपासून होणारा फायदा उष्णतेनें खाऊन टाकला, असें २०१३ सालीं प्रसिद्ध झालें.

म्हणून पानाची आंतली यंत्रणाच सुधारावी, असा प्रयत्न आतां जगांत चालू आहे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागांतील तापत्या रानांत भाताची एक जंगली जात उगवते. तिचें ॲक्टिव्हेज अधिक उष्णता सोसतें. त्याचें जनुक लागवडीच्या भातांत घालून ४५ अंशांपर्यंतच्या उष्णतेंत रोपें वाढविलीं, तेव्हां त्यांची वाढ व दाणे दोन्ही सुधारले. हें वृत्त २०१८ सालचें. याहूनही कुतूहलाची गोष्ट गव्हाची आहे. गव्हाच्याच पानांत या मदतनीसाचे एकाहून अधिक प्रकार असून त्यांतला एक अधिक काटक आहे, आणि दोहोंच्या उष्णता सोसण्यांतील फरक प्रथिनांतील एका जागच्या एका अमिनो आम्लावर अवलंबून आहे, असें इंग्लंडांतील संशोधकांना २०२० सालीं आढळलें. म्हणजे इलाज घरांतच असूं शकतो.

दुसरी वाट प्रकाशश्वसनाचा वळसा टाळून आडवाट काढण्याची. तंबाखूच्या झाडांत अशी आडवाट बसविल्यावर शेतांतील वाढ शेंकडा चाळिसांहून अधिक झाली, असें २०१९ सालीं जाहीर झालें. पुढें तोच उपाय बटाट्यावर केला. इलिनॉयमध्यें २०२२ च्या हंगामांत आरंभींच उष्णतेच्या लाटा आल्या, तरी सुधारलेल्या झाडांचे बटाटे वजनानें शेंकडा ३० अधिक भरले. सोयाबीनवरही एक प्रयोग झाला आहे, पण तो उष्णतेचा नव्हे. प्रखर उन्हांतून पान सांवलींत आलें म्हणजे लौकर सांवरून कामाला लागावें, एवढाच त्याचा हेतु होता. एका वर्षीं उत्पन्न शेंकडा ३३ पर्यंत वाढलें. दुसऱ्या वर्षीं पीक आडवें झालें आणि वाढ दिसली नाहीं. या दोन हंगामांतील अंतर ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

हीं बियाणीं वसमत किंवा सेनगांवच्या दुकानांत अद्याप नाहींत. परकें जनुक घातलेलें पीक म्हणून भारतांत २००२ पासून शेतकऱ्यांच्या सर्रास लागवडींत आलें आहे तें एकटें बीटी कापूस. परंतु परकें जनुक न आणतां पिकाच्या स्वतःच्याच जनुकांत लहानसा फेर करण्याच्या रीतीला सरकारनें मार्च २०२२ मध्यें कडक नियमांतून सूट दिली, आणि मे २०२५ मध्यें अशा रीतीनें घडविलेल्या भाताच्या दोन जाती जाहीर झाल्या. गव्हाच्या ॲक्टिव्हेजमधला तो एका अमिनो आम्लाचा फरक याच मार्गानें येण्याजोगा आहे.

तरीही पान सुधारलें म्हणजे रास वाढली, असें समजण्यांत अर्थ नाहीं. फुलांतील पराग पानापेक्षांही उष्णतेला भितो. तो निर्जीव झाला तर साखर कितीही तयार होऊन उपयोग नाहीं. शिवाय कोरडवाहू रानांत रंध्रें मिटलेलीं असतांना चांगल्यांतलें चांगलें रुबिस्कोही उपाशीच राहणार. त्यामुळें रुंद वरंब्यावर पेरणी करून सरींत पाणी मुरविणें, तुरीच्या ओळी मिसळणें, हे कमी नवलाईचे उपाय हिंगोलींत आज अधिक कामाचे आहेत. तोंडापूरच्या कृषि विज्ञान केंद्रासारख्या ठिकाणीं शेतकऱ्याला ते प्रत्यक्ष पाहतां येतात.

१९७२ सालीं स्थापन झालेल्या परभणीच्या कृषि विद्यापीठानें सोयाबीनच्या एमएयूएस ७१, १५८, ६१२ इत्यादि जाती आणि ज्वारीची परभणी मोती ही जात याच हवामानासाठीं निवडून दिली. बाहेरून येणारें उष्णतासह जनुक शेवटीं अशाच एखाद्या स्थानिक जातींत उतरावें लागेल, आणि मग तें एका नव्हे तर अनेक हंगामांत, पावसाच्या खंडांत व उशिराच्या पेरणींत पारखावें लागेल. तेवढ्या हंगामांत उरलीसुरली ज्वारीची बियाणीं शेतकऱ्यांच्या कणगींतून नाहींशीं होऊं नयेत, ही काळजी मात्र आजच घ्यावी लागेल.