इंजिनाच्या ब्लॉकची बुचे

दुसऱ्या महायुद्धातल्या जीएमसी सीसीकेडब्ल्यू या अडीच टनी अमेरिकी ट्रकच्या इंजिन ब्लॉकला बाहेरून पाहिले, तर बीडाच्या भिंतीत ठोकून बसवलेल्या पत्र्याच्या गोल चकत्या दिसतात. त्यांना कोअर प्लग म्हणतात. वेल्च प्लग आणि फ्रीझ प्लग ही नावेही रूढ आहेत. त्यातले फ्रीझ प्लग हे नाव दिशाभूल करणारे आहे. थंडीत ब्लॉकमधले पाणी गोठून फुगले की हे बूच उडते आणि ब्लॉक फुटण्यापासून वाचतो, अशी समजूत त्या नावामुळे पसरली. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के प्रसरण पावते आणि क्वचित बूच बाहेर ढकललेही जाते, पण तेवढ्यावर विसंबलेल्या कितीतरी गाड्यांचे ब्लॉक तडकले आहेत. मुंबईत जुळणी झालेल्या विलीज जीपच्या ब्लॉकलाही ही बुचे असतात आणि मुंबईत पाणी गोठण्याचा प्रश्नच येत नाही.

बुचाचे खरे मूळ ओतशाळेत आहे. सिलिंडरभोवती पाणी खेळवण्यासाठी ब्लॉक पोकळ लागतो. त्या पोकळीच्या आकाराचा वाळूचा गाभा साच्यात टांगून भोवती बीड ओततात. गाभ्याला आधार देण्यासाठी आणि नंतर वाळू बाहेर काढण्यासाठी भिंतीत भोके राहतात. ती कातून गोल करायची आणि पत्र्याने बुजवायची, एवढाच या बुचांचा जन्महेतू.

ब्लॉकच्या जाड बीडापुढे हा पत्रा फारच पातळ असल्यामुळे गंज आधी त्याला भेदतो, आणि तोही आतून. गंजविरोधी कूलंट न घालता वर्षानुवर्षे साधे पाणी भरले, की गंजाचा आणि क्षारांचा गाळ तळाशी साचतो व बुचाच्या आतल्या बाजूला चिकटून बसतो. संग्रहातल्या गाड्या वर्षाचे बरेच दिवस उभ्याच असतात. पाणी अर्धवट उतरलेले आणि वर हवा, ही स्थिती गंजाला फारच मानवते. बाहेरून रंग शाबूत असतो, पण टोकदार दाभण टेकवला तर आरपार जातो. बुचाखाली तांबूस ओघळ दिसला, तर गळती सुरू झाली असे समजावे. एक बूच गळू लागले की बाकीची त्याच वयाची असतात. म्हणून सगळी एकदम बदलणेच शहाणपणाचे.

काम सुरू करण्याआधी इंजिन थंड होऊ द्यावे. रेडिएटर रिकामा केला म्हणजे ब्लॉकही रिकामा झाला असे नाही; ब्लॉकचा वेगळा नळ असतो आणि तो हमखास गाळाने तुंबलेला असतो. तारेने टोचल्यावर आधी चिखल आणि मग पाणी येते. कूलंट भांड्यात धरावे. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असले तरी विषारी आहे आणि कुत्री-मांजरे ते चाटतात.

जुने बूच काढताना घाई नडते. मधोमध पहार ठोकून ते आत ढकलायचे नाही, कारण मागे थोड्याच अंतरावर सिलिंडरची भिंत असते. तिला तडा गेला तर क्षुल्लक पत्र्यापायी ब्लॉक जातो. वाटीच्या आकाराचे बूच असेल, तर कडेजवळ बोथट पंच ठेवून हलका ठोका द्यावा. बूच भोकातच आडवे फिरते आणि मग पकडीने ओढून काढता येते. बशीसारख्या फुगीर बुचाला मध्ये लहान भोक पाडून ते उचकटतात. मॅनिफोल्ड किंवा स्टार्टर आड येत असेल, तर तो आधी उतरवावा. ब्लॉकच्या मागच्या अंगाला बूच असेल, तर गिअरबॉक्स मागे घेण्यावाचून गत्यंतर नसते. या एका बुचासाठी होणारी मेहनत पाहता क्लच उघडलेला असतानाच ते बदलून टाकणे परवडते.

भोक उघडले की खरे काम समोर येते. आत बोट घातले तर काळपट तपकिरी चिखल नखाला लागतो, कधी ओतकामातली तारही हाती येते. हा गाळ तसाच ठेवून वर नवे बूच ठोकणे म्हणजे निम्मे काम करणे. वाकवलेल्या तारेने खरवडून, पाण्याच्या जोरदार धारेने सगळ्या भोकांतून तो धुऊन काढावा. मग भोकाची बैठक पॉलिश पेपरने गोल फिरवत घासावी. आडवेतिडवे ओरखडे राहिले तर त्यातूनच पाणी पाझरते.

नवे बूच निवडताना माप भोकाचे घ्यावे. काढलेले बूच दबलेले असते, त्याच्या मापावर विसंबू नये. अमेरिकी ट्रकांची मापे इंचात असतात. पोलादी बूच स्वस्त, पण पुन्हा गंजणारे. पितळी बूच महाग, तरी टिकाऊ आणि ठोकायलाही मऊ. बोल्ट आवळून फुगणारे रबरी बूच वाटेत अडकलेल्या गाडीला घरी आणण्यापुरते ठीक.

बैठकीवर शेलॅकचा पातळ थर द्यावा. वाटीचे बूच उघडे तोंड बाहेर ठेवून बसवतात. ठोकायचे साधन वाटीच्या तळावर टेकले पाहिजे. कडेवर ठोकले तर पाणी अडवणारी कडच वाकते. बूच सरळ आत जात आहे ना, हे दर दोन ठोक्यांनी पाहावे. बशीचे बूच फुगीर बाजू बाहेर करून खाचेत ठेवतात आणि मध्यावर ठोकतात. फुगवटा दबला की कड पसरून भिंतीत रुतते. फुगवटा सपाट होऊन किंचित खोलगट झाला की हात थांबवावा, कारण त्यापुढे ठोकले तर बूच उलट सैल पडते.

शेलॅक सुकल्यावर कूलंट भरून इंजिन चांगले तापेपर्यंत चालवावे. तापलेल्या ब्लॉकवर पाझरलेले पाणी लगेच वाळून जाते आणि गळती नजरेतून सुटते. म्हणून खरी तपासणी इंजिन निवल्यावर, कोरडा कागद प्रत्येक बुचाच्या कडेने फिरवून करायची. मागच्या बुचापर्यंत हात पोचत नाही. त्यासाठी दुसऱ्या सकाळी क्लच हाउसिंगच्या खाली पाण्याचा थेंब शोधावा लागतो.