परदेशी नोकरी : निघण्याआधी

अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत हात बसलेल्या वेल्डरला इराक, लिबियातला पगार खुणावतो. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर सहसा ‘ईसीआर’ शेरा असतो. त्यांना नोकरीसाठी या दोन्हींसह 18 देशांत जायला सरकारी मंजुरी लागते. ‘टुरिस्ट व्हिसावर जा, पुढचं तिकडे बघू’ म्हणणाऱ्या एजंटाला लांबूनच नमस्कार करावा. एजंटाचा परवाना ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर तपासता येतो. त्याचं शुल्क जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि वर जीएसटी, पावती मागाच. प्रवासी भारतीय बीमा योजनेत 10 लाखांचं विमा संरक्षण मिळतं. पोहोचल्यावर भारतीय दूतावासात नाव नोंदवायचा कंटाळा नको. 2015 मध्ये येमेनमधून आणि 2023 मध्ये सुदानमधून सरकारने हजारो भारतीयांना बाहेर काढलं, तेव्हा संपर्काचा धागा दूतावासच होता.