प्रौढांना शिकविण्यापूर्वी

दरवर्षी ८ सप्टेंबरला, म्हणजे जागतिक साक्षरता दिनी, एक वाक्य हमखास कानी पडते : ज्याला लिहिता-वाचता येते त्याने निदान एका निरक्षराला शिकवावे. वाक्य ऐकायला गोड आहे आणि त्यामागची तळमळही खरी आहे. परंतु त्याच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे. ते असे की, ज्याला वाचता येते त्याला वाचावयास शिकविताही येते. विहिरीत सूर मारणारा प्रत्येक जण दुसऱ्यास पोहावयास शिकवू शकतो काय? मग अक्षरांच्या बाबतीत आपण इतके निर्धास्त का असतो? आपल्या महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेचे पुष्कळ विद्यार्थी साक्षरता वर्गांवर जातात. त्यांच्या हाती पुस्तिका आणि खडू येतो. शिकवावे कसे हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

‘एकाने एकाला शिकवावे’ ही घोषणा ज्यांच्या नावाशी निगडित आहे ते अमेरिकन मिशनरी फ्रँक लॉबाक फिलिपिन्समध्ये मारानाव लोकांत काम करीत होते आणि १९३० नंतरच्या दशकात ते भारतातही आले. लॉबाक यांनी केवळ घोषणा दिली नाही. आधी तक्ते तयार केले. चित्र, चित्रावरून शब्द, शब्दावरून अक्षर, अशी त्यांची मांडणी इतकी सोपी होती की काल शिकलेला मनुष्य आज दुसऱ्यास शिकवू शके. आपण घोषणा उचलली आणि तक्ता तेवढा मागे ठेवला! वेल्दी फिशर यांनी १९५३ साली अलाहाबादेत सुरू केलेली व पुढे लखनौला हलविलेली ‘लिटरसी हाऊस’ ही संस्था याला सन्माननीय अपवाद होय. तिथे निरक्षरांइतकाच त्यांच्या शिक्षकांचा विचार झाला. कळसूत्री बाहुल्यांचा खेळ शिक्षकाने कसा वापरावा इथपर्यंत.

आपल्या महाराष्ट्राचा इतिहासही या बाबतीत लहान नाही. जोतीराव फुले यांनी १८५५ साली पुण्यात कामकरी लोकांसाठी रात्रीची शाळा काढली. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. या मोहिमेचा भार मुख्यतः प्राथमिक शिक्षकांवर होता. शिक्षक प्रशिक्षित होते, यात शंका नाही. पण त्यांचे प्रशिक्षण मुलांना शिकविण्याचे होते. पुढे २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. १५ ते ३५ वयोगटातील १० कोटी लोकांना पाच वर्षांत साक्षर करावयाचे, असे त्याचे उद्दिष्ट होते आणि केंद्र चालविणाऱ्या शिक्षकास दरमहा ५० रुपये मानधन होते. एवढ्या प्रचंड उद्दिष्टाचा भार अखेर त्या ५० रुपयांच्या माणसाच्या खांद्यावर होता, हे आकडे वाचताना लक्षात येते.

प्रौढ म्हणजे मोठे झालेले मूल नव्हे. सहा वर्षांच्या मुलास अक्षर शिकविताना आपण त्याला जगही शिकवीत असतो. चाळिशीच्या बाईला जग ठाऊक असते. तिने संसार केलेला असतो, उधारी फेडलेली असते, लग्ने जमविलेली असतात. तिला ठाऊक नसते ती फक्त कागदावरची खूण. अशा बाईस अठरा वर्षांच्या स्वयंसेवकाने ‘तू वाच’ म्हणून उभे केले, तर ती दुसऱ्या दिवशी येणार नाही आणि न येण्याचे कारण सांगणारही नाही. ‘काकू, तुम्ही वाचता का?’ एवढ्या फरकाने वर्ग टिकतो. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे येथे ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. तेथील आज्या गुलाबी नऊवारी नेसून पाठीला दप्तर लावून जातात. वृत्तपत्रांनी त्या गणवेशाचे कौतुक केले. मला त्यात कौतुकाहून अधिक काही दिसते : शाळेत जाणे ही लपविण्याची नव्हे, नटून जाण्याची गोष्ट आहे, असे त्या गावाने आपल्या म्हाताऱ्यांना सांगितले.

प्रशिक्षणात शरीराचाही विचार हवा. चाळिशीनंतर जवळचे दिसणे मंदावते. ‘यांना अक्षरच ओळखू येत नाही’ अशी ज्यांच्याविषयी तक्रार होते, त्यांतील कित्येकांना केवळ चष्मा हवा असतो. सुईत दोरा ओवता येतो का, एवढे विचारले तरी पुष्कळ उलगडा होतो. खुरपे धरलेल्या हाताला पेन्सिल फार बारीक लागते. ती दाबून मोडते आणि बाई ओशाळते. म्हणून प्रथम पाटी, मोठी अक्षरे, आणि जिला रांगोळी येते तिला रांगोळीच्या रेषांवरून अक्षराकडे नेणे श्रेयस्कर.

आता पद्धतीविषयी. ब्राझीलमधील अंजिकोस या गावी १९६३ साली पाउलो फ्रेरे यांच्या मार्गदर्शनाखाली सुमारे ३०० कष्टकऱ्यांना चाळीस तासांच्या अभ्यासक्रमातून लिहा-वाचावयास शिकविण्याचा प्रयोग झाला. शिकविणारे कोण होते? आपल्यासारखेच महाविद्यालयीन विद्यार्थी. मात्र त्यांना आधी तयार केले गेले आणि त्या तयारीचा आरंभ फळ्यापाशी नव्हे, वस्तीत झाला. लोक कोणते शब्द वारंवार बोलतात, कोणत्या शब्दाशी त्यांचे सुखदुःख बांधलेले आहे, हे ऐकून शब्द निवडावयाचे. त्या शब्दावर आधी गप्पा. मग त्याचे तुकडे. वीट या अर्थाचा पोर्तुगीज शब्द ‘तिजोलो’ घेतला की त, ते, ति, तो, तु अशी अक्षरांची कुटुंबे मांडावयाची आणि त्यांतून नवे शब्द शिकणाऱ्यांनीच जुळवावयाचे. पुढच्याच वर्षी लष्करी बंड झाले, फ्रेरे यांना कैद व नंतर देशत्याग भोगावा लागला, ही हकिकत सर्वश्रुत आहे.

फ्रेरे यांना जी कुटुंबे मुद्दाम मांडावी लागली, ती आपल्या बाराखडीत आयतीच आहेत. पण आपण बाराखडी पाठ करून घेतो, वापरीत नाही. ‘पाणी’ आणि ‘मजुरी’ हे दोनच शब्द घ्या. प, ण, म, ज, र ही अक्षरे आणि काना, वेलांटी, उकार एवढे हाती येते. यांतून ‘माप’, ‘रजा’, ‘जमा’, ‘पुरी’ हे शब्द वर्गानेच शोधावेत. मजुरीतून माप आणि रजा निघाली की वर्गात बोलणे आपोआप सुरू होते. शिक्षकाने तेव्हा गप्प बसावे. हे गप्प बसणे शिकविणे हाच प्रशिक्षणातला सर्वांत अवघड भाग असावा, कारण आपण स्वतः बारा-पंधरा वर्षे शिक्षकांचे बोलणे ऐकण्यातच घालविलेली असतात.

गणिताकडे तर फारच दुर्लक्ष होते. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता अभियान सुरू झाले तेव्हा साक्षरतेची मोजमापे ठरली : मिनिटाला ३० शब्द मोठ्याने वाचणे, ७ शब्द पाहून लिहिणे, ५ शब्द ऐकून लिहिणे, १ ते १०० अंक लिहिणे-वाचणे, आणि अपूर्णांक वगळून साधे हिशेब. अपूर्णांक वगळून! ज्या बाजारात दिवसभर पाव, पाऊण, सव्वा, दीड आणि अडीच यांचाच व्यवहार चालतो, तिथल्या भाजीवालीला आपण अपूर्णांक कठीण म्हणून वगळले. बावीस रुपये किलोचा कांदा पाऊण किलो घेतला तर ती म्हणते : अर्ध्याचे अकरा, पावाचे साडेपाच, झाले साडेसोळा. आपला पदवीधर तोवर खिशातील पेन शोधीत असतो.

१९८५ साली ब्राझीलच्या रेसिफे शहरात टेरेझिन्या नुनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विक्री करताना विचारलेल्या हिशेबांपैकी सुमारे ९८ टक्के त्यांनी बरोबर सोडविले. तशीच उदाहरणे नुसत्या अंकांत, कागदावर दिली तेव्हा सुमारे ३७ टक्केच. डोके तेच, आकडे तेच. बदलला तो कागद. ती मुले होती हे खरे, पण आपल्या मंडईतील प्रौढांची गोष्ट यापेक्षा निराळी नाही.

यातून शिकविणाऱ्याने काय घ्यावे? आधी समोरच्याला विचारावे, ‘तुम्ही हिशेब कसा करता?’ आणि तीच रीत कागदावर उतरवावी. शंभराच्या नोटेतून ६३ रुपये वजा करताना दुकानदार दशक मोडीत नाही. तो ६३ वर सात ठेवून सत्तर करतो, त्यावर तीस ठेवून शंभर करतो आणि ३७ रुपये हातावर ठेवतो. ही वजाबाकीच आहे, चांगली वजाबाकी आहे. शाळेची रीत नंतर शिकवावी; आधी या रीतीला ‘चूक’ म्हणू नये.

मराठी संख्यानामांची एक खास अडचण आहे. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतात, लिहिताना मागून. त्यामुळे नवा लिहिणारा पुष्कळदा ५२ लिहितो. ‘एकोणतीस’ मध्ये तोंडी तीस येतात आणि कागदावर दोनाने सुरुवात करावी लागते. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनपद्धती आली तेव्हा केवढा गदारोळ झाला, ते वाचकांना आठवत असेल. लहान मुलांपुरते त्या पद्धतीत तथ्य होते, असे माझे मत आहे. परंतु प्रौढाच्या जिभेवर पंचवीस आधीच रुळलेले असते. त्याला नवी नावे कशाला? दहाच्या दोन नोटा डावीकडे आणि रुपयाची पाच नाणी उजवीकडे ठेवावीत, आणि त्यांच्याखाली आकडा लिहावा. चार दिवसांत हात सुधारतो.

या सर्व गोष्टी स्वयंसेवकापर्यंत पोचत का नाहीत? आपली प्रशिक्षणाची रचना पाटाच्या पाण्यासारखी आहे. वरून साधन व्यक्ती, मग मुख्य प्रशिक्षक, मग स्वयंसेवक. प्रत्येक वळणावर पाणी मुरते आणि शेवटच्या वाफ्याला ओल तेवढी मिळते. वर पाच दिवसांत सांगितलेले खाली एका दुपारच्या भाषणात उरकते, त्यातही निम्मा वेळ दीपप्रज्वलन आणि आभारांत जातो. ‘प्रौढांना व्याख्यान देऊ नका’ हे व्याख्यानातून सांगितले जाते, यातली गंमत कोणाच्या ध्यानात येत नाही. खरे पाहता आधी दोन दिवस पुरेत, पण त्यांतला एक दिवस प्रत्यक्ष वर्गावर हवा. आणि त्यानंतर महिन्यातून एकदा सर्व स्वयंसेवकांनी आपल्या अडचणी घेऊन बसावयास हवे. अडचण पडल्यावर मिळालेले उत्तर लक्षात राहते. आधी मिळालेले वहीत राहते.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात १५ वर्षांवरील २५ कोटी ७६ लाख लोक निरक्षर होते, पैकी १६ कोटी ६८ लाख स्त्रिया. २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेला नवभारत साक्षरता कार्यक्रम, ज्यास पुढे ‘उल्लास’ हे नाव मिळाले, तो मानधनावर नव्हे तर स्वयंसेवकांवर उभारला गेला. त्याची परीक्षा १५० गुणांची : वाचन, लेखन व संख्याज्ञान प्रत्येकी ५० गुण. म्हणजे गणिताला निदान कागदोपत्री तिसरा हिस्सा मिळाला.

आपल्यापुरती एक व्यावहारिक अडचण उरते. २०२३ आणि २०२४ साली ही परीक्षा मार्च महिन्यात झाली आणि फेब्रुवारीपासून आपलीही परीक्षेची धावपळ असते. म्हणजे काकूंना ज्या आठवड्यांत आपली सर्वाधिक गरज, त्याच आठवड्यांत आपण ग्रंथालयात. यावर एक उपाय सुचतो. प्रत्येक वर्गावर दोघांनी जावे, एक प्रथम वर्षाचा आणि एक द्वितीय वर्षाचा. आठवड्याचे दिवस वाटून घेतले तर एकाचा पेपर असेल त्या दिवशी दुसरा जाऊ शकतो. शिवाय प्रथम वर्षाचा विद्यार्थी वर्षभर शेजारी बसून पाहतो, हेच त्याचे प्रशिक्षण. आणि जूनमध्ये नवा जोडीदार घेऊन तोच त्या ओळखीच्या ओसरीवर परत जातो. कोणत्या काकूंना चष्मा हवा आहे आणि कोण अजून ५२ लिहिते, ते त्याला ठाऊक असते.