वातानुकूलन संच, गच्चीवरील : विद्युत् व नियंत्रण तारजोडणी

व्यापारी व औद्योगिक इमारतींच्या गच्चीवर किंवा पत्र्याच्या छपरावर बसविलेल्या वातानुकूलन संचांना वीज पुरविणाऱ्या आणि त्यांच्या चालण्या-थांबण्याचे नियमन करणाऱ्या तारांच्या मांडणीचा विचार या नोंदीत केला आहे. अशा प्रत्येक संचात तारांची दोन मंडले असतात. पहिले शक्तिमंडल. त्यातून संपीडक (वायू दाबणारे यंत्र, कॉम्प्रेसर) व पंखे यांच्या चलित्रांना (मोटारींना) मोठा विद्युत् प्रवाह मिळतो. दुसरे नियंत्रण मंडल. त्यातील प्रवाह अत्यल्प असतो व त्याचे काम एवढेच की, मोठा प्रवाह केव्हा वाहू द्यावा व केव्हा अडवावा हे ठरविणे. शक्तिमंडल काम करते, नियंत्रण मंडल त्या कामास परवानगी देते. या दोहोंतील भेद न कळल्याने किंवा कळूनही सोयीसाठी दुर्लक्षिल्याने जितके संपीडक जळतात, तितके ते यंत्रातील उपजत दोषाने जळत नसावेत.

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका या विषयाच्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. तालुक्याच्या पश्चिम टोकास सह्याद्रीचा कणा व ताम्हिणी घाटातील अतिवृष्टी, तर पूर्व टोकास पुणे शहराला भिडलेली हिंजवडी व माण ही गावे, असा त्याचा विस्तार आहे. मुळा व निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने बांधलेल्या धरणाविरुद्ध १९२१–२४ या काळात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. धरणाचे पाणी घाटाखाली भिरा येथे (रायगड जिल्हा) नेऊन तेथे वीज निर्माण होऊ लागली आणि ती मुंबईकडे गेली. ज्या तालुक्याने विजेसाठी जमिनी गमावल्या, त्याच्याच पूर्व भागात १९९० नंतरच्या दशकांत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले व पिरंगुट परिसरात कारखाने वाढले. आता या तालुक्यातील इमारतींच्या गच्च्यांवर विजेचा मोठा वापर होतो. हिंजवडीच्या उंच इमारतींवर शीतजल यंत्रे किंवा अनेक खोल्यांना एकत्रित प्रशीतक पुरविणारे बाह्य संच आढळतात. उपाहारगृहे, दुकाने, चित्रपटगृहे व कारखाने यांच्या छपरांवर सर्व भाग एकाच पेटीत असलेले संचही बसवितात. रचना भिन्न असली, तरी तारजोडणीची मूलतत्त्वे समान आहेत.

शक्तिमंडल : भारतात व्यापारी वापरासाठी ५० हर्ट्‌झ कंप्रतेचा, सु. ४१५ व्होल्ट दाबाचा त्रिकला (थ्री फेज) पुरवठा मिळतो. शीतनक्षमता टनांत मोजतात. १ टन म्हणजे सु. ३.५ किवॉ. उष्णता काढून टाकण्याची क्षमता. १० टनांच्या संचाला पूर्ण भारावर सु. १२ किवॉ. वीज लागते असे धरल्यास प्रत्येक कलेतून सु. २० अँपिअर प्रवाह वाहतो. चलित्र सुरू होण्याच्या क्षणी मात्र हा प्रवाह पाच ते सात पट होऊ शकतो. त्यामुळे मंडल खंडक (सर्किट ब्रेकर) निवडताना क्षणिक उसळी सहन करणारा, पण टिकून राहणारा अतिभार तोडणारा प्रकार घ्यावा लागतो. वीज जाऊन परत आली म्हणजे गच्चीवरील सर्व संच एकदम सुरू झाल्यास या उसळ्यांची बेरीज होते व इमारतीचा मुख्य खंडकच उडतो. म्हणून प्रत्येक संचाला वेगवेगळा विलंब देतात. संपीडक थांबल्यावर आतील दाब समतोल होईपर्यंत, म्हणजे तीन ते पाच मिनिटे, तो पुन्हा सुरू होणार नाही अशी वेळयोजनाही नियंत्रण मंडलात असते.

त्रिकला पुरवठ्यात दोन दोष विशेष घातक ठरतात. एक कला तुटली, तर चालू चलित्र उरलेल्या दोन कलांवर रेटत राहते, त्यांतील प्रवाह सु. १.७ पट होतो व वेटोळी काही मिनिटांत करपतात. दुसरा दोष कलाक्रम उलटा होण्याचा. कोणत्याही दोन तारांची अदलाबदल झाली की चलित्र उलटे फिरते. जुन्या दट्ट्याच्या संपीडकाला याने सहसा बाधा येत नसे. आताच्या सर्पिल (स्क्रोल) संपीडकात मात्र वायू दाबलाच जात नाही, यंत्र खडखडते व तापून निकामी होते. हवा खेळविणारा अपकेंद्री पंखा उलटा फिरला, तर अधिक फसवणूक होते. तो हवा त्याच दिशेने, परंतु बरीच कमी फेकतो, त्यामुळे दोष चटकन ध्यानात येत नाही. यावरील उपाय म्हणून कलारक्षक अभिचालित्र (रिले) बसवितात. एखाद्या संचात हे अभिचालित्र वारंवार संच बंद पाडीत असेल, तर बहुधा दोष पुरवठ्यात असतो. अभिचालित्राने आपले काम केलेले असते.

नियंत्रण मंडल : शक्तिमंडलातील संपर्कक (कारागिरांच्या बोलीतील ‘कॉन्टॅक्टर’) हा दोन मंडलांमधील दुवा होय. त्याच्या वेटोळ्यातून अल्प प्रवाह गेला की ते चुंबक बनते, लोखंडी गाभा ओढला जातो व जड संपर्क मिटून संपीडकाला वीज मिळते. वेटोळ्याचा दाब संचाच्या बनावटीनुसार २३० किंवा २४ व्होल्ट असतो. अमेरिकी पद्धतीच्या संचात लहान रोहित्राच्या साहाय्याने तो २४ व्होल्टवर उतरविलेला असतो. इतक्या कमी दाबाचा धक्का एरवी जीवघेणा नसतो, ही या पद्धतीची सोय आहे.

वेटोळ्याकडे जाणाऱ्या तारेत तापनियंत्रक (थर्मोस्टॅट) व अनेक सुरक्षा खटके एकसरीत, म्हणजे एकामागून एक, जोडलेले असतात : उच्च दाबाचा, नीच दाबाचा, चलित्राच्या अतिभाराचा, हवा वाहत असल्याची खात्री करणारा, कलारक्षकाचा. अग्निसूचक यंत्रणेचा खटकाही पंख्याच्या मंडलात घालतात, कारण आग लागल्यावर फिरत राहिलेला पंखा धूर एका दालनातून सर्व इमारतीत पोहोचवितो. यांपैकी एकही खटका उघडला की परवानगी मागे घेतली जाते.

या साखळीतील खटक्यांची जागा कोणती, हा वरवर क्षुल्लक वाटणारा प्रश्न आहे. सामान्यतः रोहित्राच्या दुय्यम वेटोळ्याचे एक टोक भूयोजित (अर्थ) करतात. सर्व खटके जिवंत टोक व संपर्ककाचे वेटोळे यांच्या दरम्यान असावेत आणि वेटोळ्याचे दुसरे टोक मध्ये काहीही न येता थेट भूयोजित टोकास जोडावे, असा नियम आहे. खटके चुकून वेटोळ्याच्या भूयोजित बाजूस घातले, तरी संच पहिल्या दिवशी बिनतक्रार चालतो. पुढे केव्हातरी वेटोळे व खटके यांमधील तारेचे वेष्टन झिजून ती पेटीच्या पत्र्याला टेकते. मग मंडल पत्र्यातूनच पूर्ण होते आणि सर्व खटके उघडे असतानाही संपर्कक ओढला जातो. पंख्याजवळ हात घालून बसलेल्या माणसाच्या अंगावर यंत्र अशा वेळी आपणहून सुरू होऊ शकते. योग्य जोडणीत त्याच झिजलेल्या तारेमुळे वितळतार (फ्यूज) उडते व संच थांबतो.

याहून अधिक आढळणारी गोष्ट म्हणजे खटका जाणूनबुजून डावलणे. एप्रिल-मेमध्ये संघनकाच्या जाळीत धूळ व कचरा बसला, की उष्णता बाहेर पडत नाही, दाब चढतो व उच्च दाबाचा खटका संच थांबवितो. खाली कर्मचारी उकाड्याने त्रस्त झालेले असतात. अशा वेळी खटक्याच्या दोन टोकांमध्ये तारेचा तुकडा जोडून संच चालू ठेवला जातो व तो तुकडा तसाच विसरला जातो. चाचणीपुरता, माणूस समोर उभा असताना, असा तुकडा जोडणे हा दोष शोधण्याचा मान्य मार्ग आहे. तो तेथे ठेवून जिना उतरणे सर्वस्वी गैर होय. जाळी धुण्यास लागणारा तासाभराचा वेळ आणि नव्या संपीडकाची किंमत यांची तुलना मालकाने स्वतःच करावी.

अक्षरे व रंग यांचा घोटाळा : भारतातील प्रचलित रीतीनुसार त्रिकला पुरवठ्याच्या तारा लाल, पिवळ्या व निळ्या असतात. कारागीर त्यांना ‘आर-वाय-बी’ म्हणतात; भूयोजनाची तार हिरवी असते. अमेरिकी पद्धतीच्या नियंत्रण पट्टीवरही ‘आर’ व ‘वाय’ ही अक्षरे असतात, परंतु तेथे ‘आर’ म्हणजे २४ व्होल्टचे जिवंत टोक, ‘वाय’ म्हणजे शीतनाचा आदेश, ‘डब्ल्यू’ तापनाचा, ‘जी’ पंख्याचा आणि ‘सी’ सामाईक परतीची तार. ‘जी’ची तार रिवाजाने हिरवी असते. तिला भूयोजनाची तार समजून पेटीला जोडणे किंवा ‘आर’ व ‘वाय’ पाहून तेथे त्रिकला पुरवठा देणे, या दोन्ही चुका रोहित्र व नियंत्रण पट्ट यांच्या जिवावर बेततात. यासाठी नियंत्रण तारांच्या टोकांना क्रमांकाच्या नळ्या घालाव्यात व रंगावर विसंबू नये.

तारेची जाडी : नियंत्रण प्रवाह अल्प म्हणून कोणतीही बारीक तार चालते, हा समज बरोबर नाही. तापनियंत्रक संचापासून ६० मी. अंतरावर असेल, तर जाण्या-येण्याची तार १२० मी. होते. ०.७५ चौ. मिमी. छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध तेवढ्या लांबीस सु. २.८ ओहम भरतो. संपर्कक ओढला जाताना क्षणभर २ अँपिअर प्रवाह लागला, तर ५.५ व्होल्ट तारेतच खर्ची पडतात व वेटोळ्याला २४ ऐवजी १८.५ व्होल्टच मिळतात. ठराविक दाबाच्या ८५ टक्के, म्हणजे सु. २० व्होल्ट, मिळाले तर संपर्कक ओढला जाण्याची हमी असते. त्याखाली तो थरथरतो व त्याचे संपर्क जळतात. १.५ चौ. मिमी. तार घेतल्यास घट निम्मी होते. अंतर बरेच असल्यास संचाजवळ एक लहान अभिचालित्र बसवून दूरच्या तारेने केवळ त्यालाच आदेश देणे हा आणखी चांगला उपाय होय. अलीकडच्या संचांत आदेश अंकीय संकेतांच्या रूपाने दोन तारांच्या जाळीवेष्टित केबलमधून जातात. ही केबल शक्तितारांच्या पन्हाळीतून नेऊ नये व तिची जाळी एकाच टोकास भूयोजित करावी, अन्यथा चलित्राच्या वेगनियामकाचा गोंगाट संकेतांत मिसळतो.

पाऊस, ऊन व भूयोजन : मुळशीसारख्या भागात गच्चीवरील जोडणीचा खरा शत्रू पाणी हा होय. ते पेटीच्या झाकणातून येते त्यापेक्षा केबलवरून ओघळत अधिक येते. म्हणून केबल पेटीत वरून न घेता खालून घेतात आणि शिरण्यापूर्वी तिला पेटीच्या पातळीखाली एक वळण देतात. पाणी वळणाच्या तळाशी गळून पडते. तोंडाशी योग्य मापाचे ग्लँड घट्ट बसवून न वापरलेली भोके बुजवितात. भोके उघडी राहिल्यास पावसाच्या अगोदर मुंग्या व पाली आत शिरतात, आणि संपर्ककाच्या जबड्यात पाल अडकून संच बंद पडणे ही नित्याची तक्रार आहे. उन्हाने पीव्हीसीचे वेष्टन ठिसूळ होते, म्हणून उघड्या भागातील तार नळीत किंवा झाकलेल्या पन्हाळीत ठेवतात. ॲल्युमिनियमच्या केबलला तांब्याच्या पट्टीशी जोडताना दुधातू (बायमेटॅलिक) लग वापरावे, नाहीतर ओलाव्याने सांधा कुजतो व तापतो.

संचाच्या धातूच्या सांगाड्याचे भूयोजन दोन स्वतंत्र जोडण्यांनी करावे, अशी तरतूद भारतीय विद्युत् नियम, १९५६ मध्ये होती. त्यांची जागा घेणाऱ्या केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांत ती कायम राहिली. हे विनियम पुढे २०२३ मध्ये नव्याने जारी झाले. एक जोडणी गंजली, तरी दुसरी शिल्लक राहावी हा त्यामागील हेतू. वळवाच्या विजांपासून नियंत्रण पट्टाचे रक्षण करण्यासाठी उसळीरोधकही बसवितात.

दुरुस्ती व तपासणी : प्रत्येक संचाशेजारी, संचावर काम करणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात, पुरवठा तोडणारा खटका (आयसोलेटर) असला पाहिजे व तो उघड्या स्थितीत कुलूपबंद करता आला पाहिजे. गच्चीवर माणूस काम करीत असताना तळमजल्यावरील दुसऱ्याने ‘खंडक उडालेला दिसला’ म्हणून तो चढविणे, ही या व्यवसायातील सर्वांत भीषण शक्यता होय. किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात असणे हा तिच्यावरील एकमेव भरवशाचा उपाय आहे. पुरवठा तोडल्यावरही धारित्रात (कपॅसिटरमध्ये) भार साठलेला असतो. तो रोधकातून उतरविल्याशिवाय टोकांना हात लावू नये. नियंत्रण मंडलाला वेगळा पुरवठा असेल, तर तोही स्वतंत्रपणे तोडावा लागतो. असे काम परवानाधारक तारतंत्री व प्रशीतनाचे शिक्षण घेतलेला तंत्रज्ञ यांनी मिळून करावे. बहुतेक ठिकाणी एकालाच दोन्ही कामे करावी लागतात, ही वस्तुस्थिती आहे.

वेष्टनाचा रोध मेगरने ५०० व्होल्टवर तपासतात. तत्पूर्वी इलेक्ट्रॉनीय पट्टाच्या तारा सोडवाव्या लागतात. निर्वात केलेल्या संपीडकावर मेगर लावू नये, कारण विरळ वायूत वेटोळ्यांमध्ये ठिणगी पडून ती निकामी होतात. इमारतीला डीझेल जनित्राचा पर्यायी पुरवठा असल्यास कलाक्रम महावितरणच्या पुरवठ्यावर व जनित्रावर असा दोनदा तपासावा लागतो. संचाच्या दाराच्या आतील बाजूस चिकटविलेला तारजोडणीचा आराखडा दोन-तीन पावसाळ्यांत वाचता येईनासा होतो. त्याची प्रत, नंतर केलेल्या प्रत्येक फेरफाराच्या नोंदीसह, खाली वीजकक्षात ठेवतात.