तरंगता जिना आणि कळंबोलीची हवा

मागच्या महिन्यात कार्यकारणभावावर बोलले, तेव्हा तिसऱ्या रांगेत दोघं छान डुलक्या काढत होते. आज जिन्याच्या पायऱ्या म्हटल्यावर जादा खुर्च्या आणाव्या लागल्या. (हशा) तत्त्वज्ञान शिकवलेल्या बाईने लाकडावर बोलावं का, असं कुणाला वाटेल. पण ॲरिस्टॉटलने 'द्रव्य' या अर्थाने जो शब्द वापरला, तो 'हुले', त्याचा ग्रीकमधला मूळ अर्थ लाकूड, रान असाच आहे. लॅटिनमधला 'मातेरिया' हाही आधी इमारती लाकडाला म्हणत. म्हणजे मी विषयाच्या बाहेर गेलेले नाही.

आता मुद्द्याचं. आपल्या कळंबोलीत, रोडपालीकडे, पलीकडे खारघरला, जिथे जिथे रो-हाउस किंवा ड्युप्लेक्स आहे, तिथे नव्या पिढीला तरंगता जिना हवा असतो. एका बाजूला भिंत, भिंतीतून निघालेले लोखंडी हात, त्यावर लाकडी पायऱ्या. किंवा मधून एकच लोखंडी तुळई आणि तिच्यावर पायऱ्या. खालून उजेड आरपार येतो, दिवाणखाना मोठा वाटतो. लोखंडाची आपल्याकडे ददात नाही, आशियातल्या मोठ्या लोखंड बाजारांपैकी एक आपल्या दारात आहे. अडचण होते ती लाकडाची.

आमच्या घरातलाच दाखला देते. मुलाने जिना केला फेब्रुवारीत. लाकूड ओक, परदेशी, दिसायला देखणं. पायऱ्या लोखंडी पट्टीवर चारही कोपऱ्यांत स्क्रूने आवळून टाकल्या. वरून तीन हात पॉलिश, खालून काही नाही, कारण खालून कोण बघतंय! जुलैत पायऱ्यांच्या कडा वर उचलल्या गेल्या. फार नाही, तीनेक मिलीमीटर. मी सकाळी चहाचा कप घेऊन वर जात होते, चौथ्या पायरीच्या कडेला पाऊल अडलं. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. पुढे थंडीत एका रात्री फटाक्यासारखा आवाज झाला; सकाळी बघतो तर एक पायरी उभी चिरलेली.

हे का झालं? सगळे म्हणाले, लाकूड खराब. मला पटलं नाही. लाकूड चांगलंच होतं, ते त्याच्या स्वभावाप्रमाणे वागलं.

लाकूड मेलं तरी हवेतलं पाणी घेणं-देणं थांबवत नाही. भोवतालच्या हवेत जेवढी आर्द्रता, त्याप्रमाणे लाकडातला ओलावा ठरतो. पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८५ टक्क्यांच्या आसपास असते. तेव्हा घरातल्या लाकडातला ओलावा १६ टक्क्यांपर्यंत चढतो. थंडीच्या कोरड्या दिवसांत, किंवा खोलीत एसी चालू असेल तर, तो १० पर्यंत उतरतो. भारतीय मानकांत लाकडासाठी देशाचे हवामानानुसार चार विभाग केले आहेत आणि वार्षिक सरासरी आर्द्रता ६७ टक्क्यांच्या वर असलेला शेवटचा विभाग आपला. राजस्थानातल्या घराचा फोटो दाखवून 'असंच करा' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता गंमत अशी की लाकूड सगळ्या दिशांना सारखं फुगत नाही. लांबीत जवळजवळ हलतच नाही. फुगतं ते रुंदीत. तेही कसं, हे ओंडका कसा कापला त्यावर ठरतं. फळीच्या टोकाकडून बघा. तिथे वाढीच्या वर्तुळांचे तुकडे दिसतात. त्या रेषा फळीच्या रुंदीला समांतर, आडव्या असतील तर फळी जास्त फुगते. रेषा उभ्या असतील तर जवळपास निम्मी. २८ सेंटीमीटर रुंद पायरी घ्या. सागवान, आडव्या रेषांची फळी, ओलावा १० वरून १६ वर गेला, तर साधारण साडेतीन मिलीमीटर वाढ. उभ्या रेषांची असेल तर दीड. ओक आडव्या रेषांचा असेल तर पाच मिलीमीटरच्या वर. आमच्या पायऱ्या नेमक्या तशाच होत्या, आणि चारही बाजूंनी आवळलेल्या.

वाढायला जागा नाही म्हटल्यावर लाकूड पावसाळ्यात आतल्या आत दाबलं जातं. मग थंडीत आकसतं ते आधीपेक्षा कमी रुंदीला. पण स्क्रू जागचे हलत नाहीत, म्हणून चीर. आणि कडा का उचलल्या? खालची बाजू उघडी, ती जास्त ओल प्यायली, जास्त पसरली. भाकरीची एक बाजू आधी शेकली की ती कशी वळते, तसं काहीसं, फक्त उलट कारणाने.

आमच्या मिस्त्रींनी, मूळ महाडकडचे, पायरी उलटी करून बघितली आणि म्हणाले, "बाई, याला श्वासच घेऊ दिला नाही." कोकणातल्या जुन्या घरात माळ्यावर जायचा जिना आठवा. दोन तिरक्या तुळया, त्यांत आतून खाचा आणि खाचेत सरकवलेली फळी. दोन्ही टोकं धरलेली, पण पुढेमागे हलायला मुभा. तरंगत्या जिन्यात ती दुसरी तुळई आपण हौसेने काढून टाकतो. मग तिचं काम कुणीतरी करायला हवं ना?

तर लाकूड कुठलं? माझं मत सरळ आहे: सागवान, आणि गाभ्याचं. साग कमी हलतो, अंगचं तेल असतं, वाळवी सहसा लागत नाही. पण हे गुण गाभ्याचे; सालीजवळच्या पांढरट भागाला कीड लागते. कोवळ्या लागवडीच्या सागात हा पांढरट भाग जास्त असतो. वखारीत 'सीपी टीक' म्हणतात ते जुन्या मध्य प्रांताचं सागवान, म्हणजे आपल्या बल्लारशाकडचं वगैरे; अयोध्येच्या मंदिरासाठी २०२३ साली तिथूनच सागवान गेलं. आफ्रिकेतून लागवडीचा सागही येतो. नावावर जाऊ नका, फळीचं टोक आणि रंग बघा. ऐन मजबूत असतो, पण नीट वाळवला नाही तर चिरतो. फणसाचं लाकूड मला फार आवडतं, जुन्या घरांची दारं त्याची असत. मात्र सागापेक्षा मऊ, पायऱ्यांच्या कडा लवकर झिजतील. आंबा आणि रबरवूड औषध दिल्याशिवाय नको, भुंगे पोखरतात. एमडीएफचा विचारही नको. एकदा लादी पुसतानाचं पाणी आत गेलं की फुगून बसतं.

खर्च परवडत नसेल तर मरीन प्लायचा गाभा, वर सागाचा जाड पापुद्रा आणि पुढच्या कडेला सागाची भरीव पट्टी. प्लायमध्ये पापुद्रे एकाआड एक आडवे-उभे असल्याने तो हलतच नाही म्हटलं तरी चालेल. भरीव लाकडाचा हट्ट धरणाऱ्यांना हे कमी प्रतीचं वाटतं. मला नाही वाटत.

लाकूड आणलं की लगेच रंधा मारायचा नाही. ज्या घरात जिना व्हायचा तिथेच, मध्ये काठ्या घालून, तीन-चार आठवडे रचून ठेवायचं. ओलावा मोजायचं दोन टोच्यांचं छोटं यंत्र मिळतं. साधारण १२ टक्के दिसले की काम सुरू करावं, म्हणजे पुढे फुगणं आणि आकसणं दोन्ही बेताचं राहतं. पॉलिश सहाही बाजूंना, खालीसुद्धा आणि टोकांना तर आवर्जून. लोखंडी पट्टीतली भोकं गोल नकोत, रुंदीच्या दिशेने लांबट हवीत, म्हणजे स्क्रू सरकेल. स्क्रू स्टेनलेसचे. साधा लोखंडी स्क्रू ओलसर लाकडात काळे डाग पाडतो. हिरडा आणि हिराकस एकत्र करून पूर्वी काळी शाई करत, तीच क्रिया.

आणि भार. भिंतीतून निघालेल्या प्रत्येक पायरीच्या मोकळ्या टोकावर किमान १.३ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १३० किलो, भार धरून हिशेब करावा असं मानक सांगतं. तो हिशेब सुताराचा नव्हे, अभियंत्याचा. अर्ध्या विटेच्या भिंतीत हात रोवून दिले असतील तर माझं पुढचं भाषण व्यर्थ आहे.

(श्रोत्यांतून प्रश्न: आमच्याकडे नातवंडं आहेत. दोन पायऱ्यांमधली मोकळी जागा किती ठेवावी?)

बरं विचारलंत. दहा सेंटीमीटरचा चेंडू पलीकडे जाता कामा नये, हा बऱ्याच देशांतला नियम; लहान मुलाचं डोकं अडकू नये म्हणून. पायऱ्यांमधलं अंतर जास्त असेल तर मध्ये लाकडी पट्टी लावा. उजेड थोडा कमी होईल. आणि कठडा लावाच, दोन्ही बाजूंना जमला तर उत्तम. आमच्याकडे तो पहिल्यांदा नव्हता, दिसायला जड वाटतो म्हणून. आता आहे. पायऱ्या सागाच्या आहेत, या पावसाळ्यात मी दर आठवड्याला मोजपट्टी लावून बघते, मुलगा हसतो. आत्तापर्यंत एक मिलीमीटर आणि थोडं वर.